शनिवारी बंद असण्याचं कारण

आमच्या दुकानाबाहेर जळालेल्या मोटारींचा ढीग असायचा. त्या ढिगावर उभं राहिलं की सातपुडा दिसायचा, आणि हवा स्वच्छ असेल तर सातपुड्यापलीकडचा मध्य प्रदेशसुद्धा. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता मलाही तो पाहिल्याचं आठवतं. पण आज जे लिहायला बसलोय त्यात हा माल चालणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. ढीग कमरेएवढा होता आणि त्यावरून समोरचं खताचं दुकान दिसायचं.

आमचा धंदा मोटर भरण्याचा. व्होल्टेज पडलं की विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी जळतात. जळालेली तांब्याची तार उपसायची, नवी गुंडाळून बसवायची, व्हार्निश पाजायचं आणि मोटर शेतकऱ्याच्या हवाली करायची. वडिलांनी जळगावात दुकान टाकलं तेव्हापासून ते शनिवारी बंद. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत शटर खाली, आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत हत्याराला हात नाही. कारण आम्ही ज्यू. बेने इस्राएल. मूळचे कोकणातले. आजोबा रेल्वेच्या नोकरीत भुसावळला आले आणि आम्ही इकडचेच झालो. गावात आमचं एकच घर. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्याकडे भिंतीवरचे फोटो धरूनही सात भरायचे.

शनिवारी बंद का, असं गिऱ्हाईक विचारायचंच. वडील हातातली पक्कड खाली ठेवायचे आणि सांगायचे, ‘‘आम्ही ज्यू आहोत. हा आमचा शब्बाथ. देवाने सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी थांबला. आम्हीही थांबतो.’’ मग पुढचा तास गेलाच. ज्यू म्हणजे ख्रिश्चन का? नाही. मग पारशी? नाही. मुसलमान? नाही हो. मग तुम्ही मराठी कसं बोलता? वडील प्रत्येकाला पहिल्यांदाच विचारलंय अशा थाटात उत्तर द्यायचे. रोज, वर्षानुवर्षं. मी शेजारी तार गुंडाळत मनात म्हणायचो, एक कॅसेट भरून ठेवा ना, बाबा.

वडील गेले आणि गल्ल्यावर मी आलो. पहिल्याच महिन्यात भडगावकडचे एक नाना मोटर घेऊन आले. मी म्हटलं, परवा शनिवार, बंद असतं, रविवारी या. मी कारण सांगायच्या आत त्यांनीच मान डोलावली.

‘‘बराबर शे भाऊ. लोखंडना धंदा शे. शनिवारे लोखंडले हात लावो नही, शनिमहाराज कोपतस.’’

आमच्या भागात लोकांमध्ये शनिवारी लोखंड, तेल विकत न घेण्याची रीत आहे, हे मला माहीत होतं; आमच्या धंद्याशी ती इतकी चपखल बसेल हे तोवर सुचलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘हो ना.’’ एवढंच. दोन शब्द. नाना खूश, मी मोकळा, एक तास वाचला.

पण माझ्यासारख्याच्या हातात एकदा धागा आला की तो दोन शब्दांवर थांबेल का! पुढच्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं, आमच्या वडिलांना साडेसातीत दृष्टांत झाला होता. त्याच्या पुढच्याला सांगितलं, पहूरच्या एका मिस्तरीने हावरेपणाने शनिवारी मोटर भरली. ती अशी उलटी फिरली की शेतात सोडलेलं पाणी सगळं ओढून परत विहिरीत टाकू लागली, आणि शेवटी शेजाऱ्याच्या विहिरीतलंही. दाराच्या चौकटीवर वडिलांनी तिरपी ठोकलेली मेझुझा होती. मेझुझा म्हणजे बोटभर डबी, आत चर्मपत्रावर देवाचं एकत्व सांगणारे शेमाचे शब्द. ‘‘हे काय हो भाऊ?’’ कुणी विचारलं की मी आवाज खाली आणून म्हणायचो, ‘‘साडेसातीची पेटी. जवळ नका जाऊ.’’ लोक दोन पावलं मागे सरायचे आणि तिथूनच हात जोडायचे. शनिवारी बंद असलेल्या दुकानाची कीर्ती धुळ्यापर्यंत गेली. अमळनेरच्या एका माणसाने तर शटरला नारळ फोडला. त्यात त्या देवाचा काही दोष नव्हता आणि त्या लोकांचाही नाही. ते मनापासून मानत होते. खोटा मी एकटा होतो.

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाण्याचा बैल सोडत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. शेकडो वर्षांत ते भाषा विसरले, ग्रंथ विसरले, बरंच काही विसरले; शनिवारी बैल सोडायचं तेवढं विसरले नाहीत. त्यांच्या वंशात मी.

माझी मुलगी पहिलीत असताना तिची आई गेली. तिची आई होती तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ तिच्या ताब्यात असायची. पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल, त्यात वात. मनुका भिजवून केलेलं शरबत. मी बडबड सुरू केली की ती नुसती बघायची आणि मी, मान्य करतो, गप्प बसायचो. ती गेल्यावर शुक्रवार माझ्याकडे आला. दिवा मी लावायचो, जमेल तशी दोन वाक्यं म्हणायचो, आणि मग उरलेला वेळ भरायला माझ्याकडे होतं काय? गोष्टी. त्या दिवसाचं सगळ्यात गमतीचं गिऱ्हाईक. मुलगी खिदळायची. शाळेतून ती थेट दुकानात यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. तिच्यासमोर मी शेकडो माणसांना शनिमहाराजांचा महिमा सांगितला. ते खरं नाही, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. मला वाटलं, तिला कळत असेल. डोळा मारून सांगतो आहे म्हटल्यावर कळणारच ना? पण सहा-सात वर्षांच्या मुलीला बापाचा डोळा दिसत नाही, बाप दिसतो.

ती धुळ्याला फार्मसीला गेली, होस्टेलवर राहिली. एका शनिवारी दुपारी तिचा फोन आला. आवाजात कौतुक ओसंडून वाहत होतं.

‘‘पप्पा, मैत्रिणींबरोबर शनिमंदिरात गेले होते. तुमच्या दुकानाच्या नावाने तेल वाहिलं. पूर्ण बाटली!’’

तेव्हा सांगता आलं असतं. शनिवार होता, दुकान बंद, मी रिकामा, ती ऐकायच्या मनःस्थितीत. मी काय केलं? मी हसलो. इतका हसलो की शेजारच्या गल्लीतून कुत्री भुंकायला लागली. म्हटलं, ‘‘बाटली कुठली होती? खोबरेल असेल तर महाराज केसांना लावतील.’’ तीही हसली. पुढे कितीतरी दिवस तो किस्सा मी दुकानात सांगत होतो.

कोर्स संपल्यावर तिला कुणीतरी कळवलं की लोणावळ्याला आपल्या समाजाच्या तरुण मुलामुलींचं तीन दिवसांचं शिबिर आहे. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग, सगळीकडची मुलं. मीच म्हटलं जा. तिने आयुष्यात आपल्या वयाचा दुसरा ज्यू माणूस लग्नाकार्याखेरीज पाहिला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी त्यांना गोलात बसवलं आणि विचारलं, तुमच्या घरी शनिवार कसा पाळतात आणि का? कुणी म्हणालं आमच्याकडे टीव्ही बंद असतो, कुणी म्हणालं आम्ही काहीच पाळत नाही. हिची पाळी आली. ही ताठ बसली, कारण हिच्याकडे सांगण्यासारखं होतं. म्हणाली, आमचं दुकान दोन पिढ्या शनिवारी बंद असतं. सगळे म्हणाले, वा! चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, का गं? आणि माझी मुलगी म्हणाली, ‘‘लोखंडाचा धंदा आहे ना. शनिवारी लोखंडाला हात लावला तर साडेसाती लागते.’’

शुक्रवारचा दिवा तिला माहीत होता, शब्बाथ हा शब्दही माहीत होता. पण तो दिवा आणि ते शटर एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. दाखवणारी गेली होती आणि दुसरा गोष्टी सांगत होता.

मुलं हसली. वाईट मनाने नाही, पण तीन दिवस हसली. मुलगी परत आली ती गुरुवारी. शुक्रवारी तिने दुपारीच टेबल पुसलं, बॅगेतून दोन मेणबत्त्या काढल्या, देवनागरीत छापलेले प्रार्थनेचे चार कागद काढले. मला हे पाहून उत्साह आला.

‘‘मेणबत्त्या म्हणजे लाईट गेल्यावरचं सामान. आपल्याकडे तर असा दिवा असायचा की उजेड भुसावळ स्टेशनावर…’’

‘‘पप्पा, पाच मिनिटं गप्प बसाल?’’

तिने मेणबत्त्या लावून कागद वाचायला घेतला; मी गप्प बसलो. लोकांना मी सांगतो पाऊण तास बसलो. खरं तर दीड मिनिटाने मी म्हणालो, ‘‘उच्चार जरा कोकणी वाटतो.’’ तिने कागद खाली ठेवला.

‘‘तिथे चाळीस जण होते. सगळ्यांना माहीत होतं आपलं दुकान का बंद असतं. मला सोडून.’’

‘‘अगं, गिऱ्हाइकाला पटेल असं काहीतरी सांगावं लागतं.’’

‘‘मी गिऱ्हाईक होते?’’

मी विनोद शोधला. आयुष्यात पहिल्यांदा सापडला नाही. ती पुढे म्हणाली, ‘‘आई असती तर तिने सांगितलं असतं,’’ आणि मेणबत्त्या तशाच जळत ठेवून आत गेली.

महिन्याभरात तिला पुण्यात नोकरी लागली. तिथे तिच्यासारखी आठ-दहा मुलंमुली आहेत; दर शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतात, प्रार्थना म्हणतात, जेवतात. ती फोन शुक्रवारी संध्याकाळी बंद करते तो शनिवारी रात्रीच चालू करते. इतकं कडक आमच्या वडिलांनीही पाळलं नसेल. अर्थात त्यांच्याकडे फोन नव्हता. मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण ती जे शिकली ते छापील कागदांवरून, यूट्यूबवरून, परक्या पोरांकडून शिकली. माझ्याकडून तिने घ्यावं असं काही मी तिच्या हातात ठेवलंच नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात, एका बुधवारी, तिचाच फोन आला.

‘‘पप्पा, या शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या घरचं एक काहीतरी आणायचं ठरलंय. पदार्थ, गाणं, आठवण, काहीही. आपल्या घरचं काय आहे?’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘एकच सांगा. पण खरं.’’

मी म्हटलं, ‘‘आहे. ऐक.’’

मी नुकताच वडिलांच्या हाताखाली दुकानात बसायला लागलो होतो तेव्हाचं. मे महिना, शुक्रवार. रावेरकडचे एक केळीवाले आबा दुपारी बैलगाडीतून मोटर घेऊन आले. बाग कापणीवर आलेली, घड लटकलेले, आणि दोन दिवसांपासून पाणी बंद. वडिलांनी हातातलं काम बाजूला सारून त्यांची मोटर उघडली. संध्याकाळी फक्त चार कॉइल राहिल्या होत्या. वडिलांनी बाहेर उन्हाकडे पाहिलं, पक्कड ठेवली आणि हात धुतले.

आबा उठलेच. ‘‘मिस्तरी, चारच राह्यल्या! माहे केळं जळून राह्यले तिकडे. तुमच्या देवाले केळं आवडत नाही का?’’

मीही म्हटलं, ‘‘बाबा, चारच तर आहेत.’’

वडील टॉवेलला हात पुसत म्हणाले, ‘‘चारच असतात नेहमी.’’

दुसऱ्याने अर्धी भरलेली मोटर कुठलाही मिस्तरी हातात घेत नाही. त्यामुळे आबांना जायला जागा नव्हती. त्यांनी वडिलांना, वडिलांच्या देवाला आणि मला, या क्रमाने शिव्या घातल्या. वडिलांनी सगळ्या ऐकून घेतल्या आणि त्यांना घरी जेवायला आणलं. आबा रात्री आमच्याकडेच झोपले. शनिवारी चूल नाही. आदल्या दिवशीचं थंड जेवण. काही काम नाही, हाताला चाळा नाही, कुणी कशासाठी हाक मारत नाही. आबा सकाळभर येरझाऱ्या घालत होते. दुपारी भिंतीला टेकून बसले आणि बसल्याजागी झोपले ते चार वाजता उठले. उठून म्हणाले, ‘‘मी दिवसा कधी झोपलो, मले आठवत नाही.’’ संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की तीन तारे दिसले की काम सुरू. आबा गच्चीवर चढले. तिथून आरोळी आली, ‘‘एक झाला!’’ मग, ‘‘दोन झाले!’’ आणि लगेच, ‘‘तीन! तीन! चला मिस्तरी!’’ वडील खालून म्हणाले, ‘‘आबा, तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा आहे.’’ तिसरा तारा आला तेव्हा अर्धी गल्ली वर बघत होती. वडिलांनी चार कॉइल भरल्या, आबांनी गाडी जुंपली. काही झाडं गेली त्यांची. पण पुढे ते भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘मिस्तरी, मी बी आता शनिवारी मोटर लावत नाही. अंधार पडल्यावरच लावतो. मलेही एक दिवस पाह्यजे.’’

एवढं सांगून मी थांबलो. मग ती हसली. खूप मोकळं, लहानपणी दुकानातल्या स्टुलावर बसून हसायची तसं.

‘‘टाकीवरचा दिवा! पप्पा, भारी आहे. पण मी खरं विचारलं होतं.’’

‘‘हे खरं आहे.’’

‘‘बरं.’’ ती ‘बरं’ म्हणाली. ‘‘मी बघते काहीतरी. मनुकांचं शरबत करून नेते.’’

आयुष्यभर मी सांगितलेली एकूण एक थाप लोकांनी गिळली. पाणी उलटं विहिरीत नेणारी मोटर गिळली. आणि ही एक गोष्ट, जिच्यात मी चिमूटभरही मीठ घातलं नव्हतं, ती माझ्या मुलीने गमतीने बाजूला ठेवली.

शुक्रवारी सकाळी मी रावेरची बस धरली. आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घर सापडलं. केळीच्या गाड्या भरायचं काम चालू होतं. आबांचा मुलगा, आता तोही पन्नाशीचा, अंगणात उभा होता. मला ओळखलं त्याने. चहा आला. मी थेट विचारलं, तुमचे आबा शनिवारी मोटर लावत नव्हते का?

‘‘नाही लावत. शेवटपर्यंत नाही. हे खरं हाये.’’

माझ्या जिवात जीव आला. मी फोन हातात घेतला. ‘‘का लावत नव्हते, ते सांगायचे का कधी?’’

‘‘सांगत ना. कुठले तरी तीन तारे, थंडं जेवण, तुमच्या वडिलायच्या घरी झोपले होते म्हणे. आम्हाले काही उमजे ना. मंग मीच एकदा तुमच्या दुकानावर आलतो तव्हा तुम्हाले विचारलं, भाऊ, हे शनिवारचं काय हाये? तुम्ही म्हणले ना, शनीचं हाये. पहूरच्या मिस्तरीची मोटर उलटी फिरली, ते बी सांगितलं.’’ तो हसला. ‘‘मी घरी येऊन आबाले सांगितलं. आबा असे चिडले! म्हणे, तो मिस्तरीचा पोरगा खोटं बोलून राह्यला. आम्ही म्हणलं, म्हातारं झालं आता, तारे मोजून राह्यलं.’’

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याला सगळं सांगितलं: आबा बरोबर होते, आम्ही ज्यू, तो आमचा शब्बाथ, साडेसाती वगैरे काही नाही, मी बनवून सांगायचो. वडील सांगायचे तसं सावकाश सांगायचा प्रयत्न केला. त्याने आदराने ऐकून घेतलं.

‘‘असंन बी,’’ तो म्हणाला. ‘‘पण भाऊ, आम्ही आता तेच पाळतो. शनिवारी मोटर लावायच्या आधी तेल वाहतो.’’

ऊन कलायला लागलं होतं. मी बांधावर जाऊन मुलीला फोन लावला.

‘‘मी रावेरला आहे. त्या आबांच्या घरी.’’

‘‘पप्पा! तुम्ही साक्षीदार आणायला गेलात?’’

‘‘गेलो होतो. मिळाला नाही.’’ आणि मग मुलाने जे सांगितलं ते शब्द न वाढवता सांगितलं. आबा खरं सांगत होते आणि घरच्यांनी त्यांना माझ्यामुळे वेड्यात काढलं, तेही.

तिच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी मुलगी विचारत होती, मनुका गाळायच्या का?

‘‘मग तुम्ही त्याला खरं सांगितलंत?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘पटलं?’’

‘‘नाही.’’

‘‘हं,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘तुम्हाला सांगता आलं असतं ना मला, की साक्षीदार मिळाला म्हणून. सोपं होतं.’’

‘‘हो. सोपं होतं.’’

‘‘पप्पा, आता दिवे लावायचेत. फोन बंद करते.’’

‘‘आज तू त्यांना काय सांगणार आहेस?’’

पण तोवर फोन कट झाला होता. मी पुन्हा लावला. माहीत असूनही लावला. तुम्ही संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही, असं त्या बाईने मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिचं तिन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतलं.